मनाची उभारी : डबीत की ताटात?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा, असे कार्यकारिणीने कळविले तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही डॉक्टर नाही, विज्ञानाचे पदवीधरही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरवर बसलो, एवढीच आमची शिदोरी. परंतु मध्यंतरी घरातच असा एक प्रसंग घडला की, ज्या विषयाशी आमचा कधी संबंध आला नव्हता, तो आम्हाला पुस्तके उघडून वाचावा लागला. जे कळले नाही ते जाणकारांना विचारावे लागले. त्यातून जे हाती आले ते मंडळाच्या सभासदांपुढे आणि विशेषतः अभ्यासिकेत रात्र जागविणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विषय असा की, मन प्रसन्न राहावे व मेंदू तल्लख व्हावा म्हणून बाजारात अमिनो आम्लांच्या गोळ्या आणि भुकट्या विकल्या जातात. त्यांत तथ्य किती? गरीब घरच्या मुलाने त्यावर पैसे घालावेत काय?

एका फळीवरच्या दोन डब्या

आमचा भाचा फुलंब्री तालुक्यातला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी हर्सूलला एका मित्राबरोबर खोली करून राहतो. गेल्या खेपेस थोड्या गुणांनी त्याची परीक्षा हुकली. त्यानंतर पोरगा हळूहळू बदलत गेला. बोलणे कमी झाले. पहाटे तीनला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. एरवी रविवारी आमच्याकडे जेवायला येणारा मुलगा काहीतरी कारण सांगून टाळू लागला. खोलीवर सकाळी चहा-खारी, रात्री नुसता भात आणि लोणचे, असा त्याचा आहार चालला होता. आम्ही त्याला काय म्हणालो असू? "आळस झटक, म्हणजे सगळं ठीक होईल." घरातल्या वडीलधाऱ्यांना असा उपदेश फार लवकर सुचतो.

एके दिवशी आम्हीच त्याच्या खोलीवर गेलो. भिंतीच्या फळीवर दोन डब्या होत्या. लहान डबीत गोळ्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, ह्यात ट्रिप्टोफॅन आहे. अमिनो आम्ल. मेंदूचं खाद्य असतं ते. मन लागतं अभ्यासात." डबीची किंमत ९५० रुपये. दुसरा मोठा डबा त्याच्या खोलीतल्या मित्राचा. तो व्यायामशाळेत जातो. त्याच्या डब्यातही अमिनो आम्लेच होती, पण वेगळी. त्यांतले मुख्य ल्युसीन. ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आम्हाला हायसे वाटले. साडेनऊशे रुपयांत सुटणारा प्रश्न स्वस्तच म्हणायचा, असे मनाशी म्हणत आम्ही दुसऱ्या डबीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. ही आमची चूक. ती प्रथम कबूल करतो आणि मग पुढे जातो.

बँकेत आम्ही रोज खातेदारांना सांगतो की, सही करण्याआधी कागद वाचा, बारीक अक्षरे वाचा. ते आम्ही स्वतः मात्र दुसरी डबी आल्यावर केले. समोर ठळक अक्षरांत प्रसन्न मन, शांत झोप, एकाग्रता असे शब्द होते. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे औषधी उपयोगासाठी नाही. अशा पूरक पदार्थांच्या डबीवर हे वाक्य छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या बाजूस मनाचे आश्वासन आणि मागच्या बाजूस औषध नसल्याची कबुली! या एका वाक्याने आम्हाला अभ्यासाला बसविले.

अमिनो आम्ले म्हणजे काय?

आपण डाळ, अंडी, दूध, मांस खातो, त्यांतून शरीराला प्रथिने मिळतात. प्रथिन म्हणजे एक लांब माळ आणि अमिनो आम्ले हे तिचे मणी. असे वीस प्रकारचे मणी आहेत. पचनात माळ तुटते, मणी सुटे होतात आणि शरीर त्यांतून स्वतःला हव्या त्या माळा पुन्हा ओवते. वीसपैकी नऊ मणी मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. ट्रिप्टोफॅन आणि ल्युसीन ही दोन्ही त्या नऊंपैकीच.

ट्रिप्टोफॅन प्रथम वेगळे काढले ते इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी, १९०१ साली. पुढे १९०६ साली त्यांनी उंदरांना मक्यातील एक प्रथिन खाऊ घालून पाहिले. त्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसते. उंदीर खंगून मेले. त्याच खाण्यात ट्रिप्टोफॅन मिसळले तेव्हा ते अधिक दिवस जगले. पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

ट्रिप्टोफॅनचा शरीराला तिहेरी उपयोग आहे. त्यातून प्रथिने बनतात. त्यातून नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व बनते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन, असा हिशेब धरतात. आणि त्याचा अगदी थोडा भाग, शंभरात एखाद-दुसरा, सिरोटोनिन नावाचे रसायन बनविण्यास जातो. झोप, भूक व मनाची स्थिती यांच्याशी मेंदूतील सिरोटोनिनचा संबंध आहे. डबीवरचे सर्व आश्वासन या शेवटच्या, सर्वांत लहान वाटेवर उभे आहे.

एकच काउंटर, अनेक ग्राहक

आता कोणी म्हणेल, ट्रिप्टोफॅनपासून सिरोटोनिन बनते, तर ट्रिप्टोफॅन जास्त खाल्ले की मन जास्त प्रसन्न! आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु हिशेब इतका सरळ नाही.

शरीरातील सुमारे ९५ टक्के सिरोटोनिन आतड्यांत असते आणि ते मेंदूत जाऊ शकत नाही. मेंदूला स्वतःपुरते सिरोटोनिन स्वतःच बनवावे लागते व त्यासाठी रक्तातून ट्रिप्टोफॅन आत घ्यावे लागते. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक तटबंदी आहे. तिच्यातून अमिनो आम्लांना आत नेणारे वाहक मोजके आहेत. ट्रिप्टोफॅन, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, टायरोसीन व फिनाइलअॅलानीन ही सर्व एकाच वाहकावर अवलंबून असतात.

आमच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच काउंटर चालू असावे आणि पेन्शनधारकांची रांग दारापर्यंत जावी, तसा हा प्रकार आहे. या रांगेत ट्रिप्टोफॅनची संख्या सर्वांत कमी, कारण बहुतेक अन्नांत तेच सर्वांत थोडे असते. म्हणून आपण ट्रिप्टोफॅन किती खाल्ले एवढ्यावर काही ठरत नाही. त्याच्याबरोबर रांगेत आणखी किती जण उभे आहेत, यावर ते ठरते. अंडे खाल्ले तर ट्रिप्टोफॅन आले, पण त्याच्याबरोबर बाकीचेही आले. त्यामुळे अंडे खाल्ल्याबरोबर मेंदूत सिरोटोनिन वाढले, असे होत नाही.

आत गेल्यावरही काम संपत नाही. ट्रिप्टोफॅनचे सिरोटोनिन करणाऱ्या यंत्रणेला लोह लागते आणि ब-६ जीवनसत्त्व लागते. साहेबांची सही झाली, पण शिक्का मारणारा रजेवर असला तर कागद पुढे सरकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. आमच्या वस्तीतील मुली अभ्यासाला बसल्या की दमतात, त्याचा विचार करताना ही गोष्ट आधी डोळ्यांपुढे यावी.

दख्खनने जगाला दिलेला धडा

अमिनो आम्ले आणि मन यांचा संबंध शोधायला आम्ही परदेशी पुस्तके धुंडाळीत होतो आणि त्याचा एक मोठा पुरावा आमच्याच मातीत सापडला.

पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हात उघडे राहणारे हात, पाय व मानेवरची कातडी काळवंडते व सोलते, जीभ लाल होते, जुलाब लागतात आणि मन बिघडते. रोगी उदास होतो, झोप उडते, पुढे भ्रमही होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत या रोगाने थैमान घातले होते. तो जंतूंमुळे होतो अशी अनेकांची समजूत होती. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ पासून चिकाटीने दाखवून दिले की, हा रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या अन्नाचा आहे. १९३७ साली कॉनराड एल्व्हेहेम यांना त्यावरचा उतारा सापडला, तो नायसिन. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनविते हे १९४५ च्या सुमारास उमगले आणि मक्याचे कोडे सुटले. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि त्यातले नायसिन शरीराला सहज मिळत नाही.

पण दख्खनच्या पठारावर दुसरेच कोडे होते. येथे मका हे मुख्य अन्न नव्हते. येथील गरीब शेतमजूर ज्वारी खात, तरीही हैदराबादच्या रुग्णालयांत पेलाग्राचे रोगी येत. त्यांच्यात उदासीनता ठळकपणे दिसे आणि मनोरुग्णालयात दाखल होणाऱ्यांतही पेलाग्राचे रोगी असत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता आणि ज्वारीच्या याच पट्ट्यातला होता, हे आपण विसरता कामा नये.

ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते.  मग रोग का व्हावा? या प्रश्नाचा पाठपुरावा डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी केला. ज्या संस्थेत त्यांनी हे काम केले ती १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झाली, १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले म्हणणे मांडले. मका आणि ज्वारी या दोन्ही धान्यांत एक समान गोष्ट आहे. दोन्हींत ल्युसीनचे प्रमाण फार आहे. ल्युसीनच्या या अतिरेकाने ट्रिप्टोफॅन व नायसिनच्या वाटेत अडथळा येत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९७० च्या सुमारास तेथील संशोधकांनी पेलाग्राच्या रोग्यांच्या रक्तकणिकांतील सिरोटोनिन मोजले आणि मानसिक लक्षणे असणाऱ्यांत ते कमी आढळल्याचे नोंदविले.

हा ल्युसीनचा सिद्धांत सर्वच शास्त्रज्ञांना मान्य झाला असे नाही. प्राण्यांवरचे काही प्रयोग त्याला पुष्टी देतात, काही देत नाहीत. ब-६ जीवनसत्त्वाची कमतरताही यात भर घालते, असे पुढे दिसले. परंतु एवढे निश्चित की, रोज जवळजवळ नुसती ज्वारी खाऊन राहणाऱ्या, ज्यांच्या ताटात डाळ, दूध, मांस-मासळी यांतले काहीच नाही, अशा माणसांना हा रोग होत असे आणि त्यात मनही खचत असे. आहार सुधारत गेला, ज्वारीबरोबर इतर धान्ये व डाळी ताटात आल्या, तसतसा हा रोग मागे हटला.

आमच्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. पेलाग्राची ही हकीकत आम्ही तिला वाचून दाखविली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नुसत्या भाकरीनं पोट भरतं बाबा, अंग नाही भरत. आन् अंग नाही भरलं तर मन कुठून भरंल?" आम्ही जे महिनाभर वाचले होते ते तिला आधीच ठाऊक होते.

याचा अर्थ ज्वारी वाईट, असा मात्र कोणी काढू नये. ज्वारी हे उत्तम धान्य आहे. २०२३ हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. दोष ज्वारीचा नव्हता. तिच्या जोडीला काही घेण्याची ऐपत नसणाऱ्या दारिद्र्याचा तो दोष होता.

गोळ्यांविषयी प्रयोग काय सांगतात?

आता पुन्हा भाच्याच्या डबीकडे वळू. निष्पक्ष बोलायचे तर ट्रिप्टोफॅनचा मनाशी काहीच संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. १९९० साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधांनी उदासीनतेतून बऱ्या झालेल्या २१ रुग्णांना ट्रिप्टोफॅन वगळून बाकीची अमिनो आम्ले असलेले पेय दिले. १४ जणांची उदासीनता काही तासांतच परत आली आणि नेहमीचे अन्न सुरू केल्यावर ती ओसरली. याचा बोध असा की, काही माणसांत ट्रिप्टोफॅन एकाएकी तुटले तर मन ढासळते.

परंतु तुटले तर ढासळते, म्हणून जास्त दिले तर उंच चढते, हे सिद्ध होत नाही. कंदिलातले तेल संपले तर तो विझतो. पण भरलेल्या कंदिलात आणखी तेल ओतल्याने उजेड वाढत नाही. उदासीनतेवर ट्रिप्टोफॅन व त्याच्या जवळच्या एका रसायनाचा उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी या शतकाच्या सुरुवातीस कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी १०८ प्रयोग तपासले. त्यांच्या कसोटीस केवळ २ प्रयोग उतरले आणि त्या दोहोंत मिळून रुग्ण होते ६४. त्यांत थोडा फायदा दिसला, पण एवढ्याशा पुराव्यावर शिफारस करता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी सर्व पुरावा एकत्र करून असे मांडले की, सिरोटोनिन कमी झाल्यानेच उदासीनता येते, याला भक्कम आधार मिळत नाही. त्यावर वाद चालू आहे आणि यावरून डॉक्टरांची औषधे निरुपयोगी, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. पण मनाचा आजार हा एका रसायनाच्या तुटवड्याइतका सोपा नाही, एवढे खरे.

धोक्याचीही एक बाजू आहे. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या खाणाऱ्यांत स्नायूंच्या तीव्र वेदनांचा एक नवाच आजार पसरला. दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. मुख्यतः एका कारखान्याच्या मालातील अशुद्धीशी त्याचा संबंध जोडला गेला आणि गोळ्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. दुसरा धोका आजही तितकाच खरा आहे. उदासीनतेवर डॉक्टरांची औषधे चालू असताना अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या, तर दोहोंचा मिळून सिरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. अंग थरथरणे, ताप, छातीत धडधड, भ्रम अशी त्याची लक्षणे असून तो प्राणावर बेतू शकतो.

इतर अमिनो आम्लांबद्दल थोडक्यात सांगतो. टायरोसीनपासून मेंदूत डोपामीन बनते. कडाक्याची थंडी किंवा जागरण अशा ताणात ते दिल्यास स्मरणशक्ती तात्पुरती टिकून राहते, असे सैनिकांवरील काही प्रयोगांत दिसले. रोजच्या अभ्यासात त्याने बुद्धी वाढते, असे दिसलेले नाही. चहात थिॲनिन नावाचे अमिनो आम्ल असते व ते मन शांत करते असे म्हणतात. पण प्रयोगांत साधारण २०० मिलिग्रॅम देतात आणि आपल्या एका कपात त्याचा लहानसा अंशच येतो. तेव्हा चहाचे कप वाढविण्यास हे निमित्त करू नये.

आणि आता फळीवरचा दुसरा डबा. स्नायू कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या त्या भुकटीत ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन होते. वर सांगितलेली रांग आठवा. हे तिघेही त्याच काउंटरवर उभे राहणारे. म्हणजे एकाच खोलीत, एकाच फळीवर, एक डबी ट्रिप्टोफॅनला आत ढकलण्यासाठी आणि दुसरा डबा नेमका त्याची वाट अडविणारा! मित्राच्या आग्रहाने आमचा भाचा अधूनमधून त्या भुकटीचाही एक चमचा घेत असे. दोन्हींचे पैसे मात्र रोख मोजलेले होते.

ताटाचा हिशेब

साठ किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे २४० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन आणि साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. आता आपल्या साध्या ताटाचा अंदाज घेऊ.

तीन भाकरींना लागणारे २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ : प्रथिने सुमारे २० ग्रॅम.
दोन वेळच्या वरणाची ५० ग्रॅम तूरडाळ : सुमारे ११ ग्रॅम.
चटणीचे व तोंडात टाकायचे मिळून ३० ग्रॅम शेंगदाणे : ७ ते ८ ग्रॅम.
एक अंडे : सुमारे ६ ग्रॅम.
एक पेला दूध किंवा तेवढे दही : ६ ते ७ ग्रॅम.

एकूण ५० ग्रॅमच्या आसपास. यात ट्रिप्टोफॅन गरजेच्या जवळजवळ दुप्पट येते. ज्वारीत लायसीन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते; डाळीत मेथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते. दोघांची उणीव दोघे भरून काढतात. आपल्या आयाबायांनी ज्वारी, गहू आणि बेसन एकत्र करून धपाटे थापले, भाकरीबरोबर हुलग्याची, मटकीची उसळ ठेवली, कारळाची नि तिळाची चटणी वाटली, त्यात हेच शहाणपण होते. जो अंडी खात नाही त्याने डाळ व दही वाढवावे. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहाने लोह शोषले जाण्यात अडथळा येतो.

आम्ही एक दिवस साडेनऊशे रुपये घेऊन हर्सूलच्याच किराणा दुकानात गेलो. दोन किलो तूरडाळ, दोन किलो शेंगदाणे, अर्धा किलो तीळ आणि तीस अंड्यांचा ट्रे घेतला, तरी शंभराच्या आसपास रुपये हातात उरले. एका मुलाला महिनाभर पुरून उरेल एवढा तो जिन्नस होता.

पण येथेही अतिशयोक्ती नको. शेंगदाणे खाल्ल्याने उदासीनता जाते, असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या अन्नाने मेंदूची गरज भागते, उपासमारीने येणारा थकवा व चिडचिड टळते. आजार झाला असेल तर अन्न त्याला आधार देईल, औषधाची जागा घेणार नाही.

मग मन खचले तर काय करावे?

आमच्या भाच्याला शेवटी आम्ही सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. आदल्या रात्री घरात बराच वाद झाला. ताईचे म्हणणे, "लोक काय म्हणतील? पोराच्या लग्नाचं काय?" आई म्हणाली, "ताप आला तर नेत नाही का दवाखान्यात?" त्या एका प्रश्नाने वाद मिटला.

डॉक्टरांनी त्याला प्रथम विचारले ते, काय जेवतोस? कधी झोपतोस? जगावेसे वाटत नाही, असे मनात येते काय? तिसऱ्या प्रश्नावर पोरगा खाली मान घालून रडला. ती गोष्ट त्याने आम्हाला कोणालाच सांगितली नव्हती. आम्ही मात्र त्याच्या हातावर डबीचे पैसे ठेवून मोकळे झालो होतो. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले, ब-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले. डॉक्टरांनी डबी बंद करायला सांगितली, मगच औषध सुरू केले, दर पंधरवड्याला बोलावून बोलत राहिले. औषधाचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले. या काळात तो आमच्याकडेच जेवायला होता.

विद्यार्थी मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक : सलग दोन आठवडे मन उदास राहिले, आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला, झोप-भूक बिघडली, तर तो आळस नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. घाटीत मनोविकार विभाग आहे.

दोन : रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता व थायरॉईडचे विकार यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी तपासणी करावी.

तीन : कोणत्याही पूरक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डबीच सोबत न्या.

चार : केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नका. हा क्रमांक लावा आणि जवळच्या माणसाला उठवा.

पाच, आणि हे पालकांसाठी : मुलाला पैसे देण्याआधी त्याच्या ताटात काय आहे ते पाहा आणि त्याच्या शेजारी बसून जेवा.

आमची सूचना अशी की, मंडळाच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या हंगामात सायंकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेली मटकी देण्याची व्यवस्था करावी. खर्च फार नाही. पहिल्या महिन्याचा वाटा आम्ही देतो. त्या निमित्ताने मुले अर्धा तास पुस्तकातून मान वर काढतील, एकमेकांशी बोलतील, आणि कोण बोलेनासा झाला आहे, हेही कोणाच्या तरी लक्षात येईल.

भाच्याने यंदा पुन्हा परीक्षा दिली आहे. निकाल अजून लागायचा आहे. तो काय लागेल ते लागो. पोरगा रविवारी जेवायला येतो आणि तिसरी भाकरी मागून घेतो.